आबांचा आजार आणि चार वर्षांच्या मुलीच्या पेशी

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये आवाज नीट येत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतेय. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "अं… म्हणजे" काढलेत.

सुरुवात घरातूनच करते. माझ्या आबांना पार्किन्सन्स होता. शेवटची काही वर्षं चहाचा कप बशीत ठेवताना होणारा आवाज आमच्या घरातला नेहमीचा आवाज होता. आबा गेल्यानंतरसुद्धा बाबांची एक सवय गेली नाही. पार्किन्सन्सवर औषध सापडल्याची बातमी कुठेही दिसली, की ती फॅमिली ग्रुपवर येते. खाली बाबांचा एकच शब्द, "वाच." अशा किती बातम्या आल्या असतील, मोजल्या नाहीत.

एकदा मी बातमीवर न थांबता मूळ पेपर उघडला. बी.टेक. केलंय, जीवशास्त्र अकरावीतच सोडलं होतं, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. पण प्रयोगाची पद्धत लिहिलेल्या भागात एक नाव अडकलं: एसएच-एसवाय५वाय. औषध तपासलं होतं ते या पेशींवर. मला वाटलं, कुणा पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूतल्या असतील. शोधत गेले तर कळलं, या पेशी एका चार वर्षांच्या मुलीच्या आहेत. तिला पार्किन्सन्स नव्हता. तिला कॅन्सर होता. आणि पेशी मेंदूतून घेतलेल्याही नाहीत.

हे असं का झालं, म्हणजे सत्तरीच्या माणसाचा मेंदूचा आजार समजून घ्यायला जग एका लहान मुलीच्या ट्यूमरकडे का गेलं, आणि तिथून पुढे कसं सरकलं, ते आज सांगायचंय.

त्यासाठी आधी १९०७ मध्ये जाऊ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉस हॅरिसन नावाचा संशोधक होता. तेव्हा एक मोठा वाद चालू होता. मज्जातंतू, म्हणजे नर्व्हचा लांबलचक धागा, बनतो कसा? एक पक्ष म्हणायचा की पुष्कळ पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन तो तयार होतो. दुसरा म्हणायचा, एकाच पेशीतून तो बाहेर वाढत जातो, वेलीला फुटवा यावा तसा. दोघंही मेलेल्या ऊतींचे पातळ काप रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघून भांडत होते. आता वाढ कशी होते हे मेलेल्या गोष्टीत दिसणार कसं? क्रॅश झालेल्या सर्व्हरचा फोटो बघून तो सुरू कसा झाला यावर वाद घालण्यासारखंच ते.

हॅरिसनने बेडकाच्या भ्रूणातून पुढे मज्जासंस्था होणार असलेला इवलासा तुकडा काढला. बेडकाच्याच लसिकेचा थेंब काचेच्या पातळ कव्हरस्लिपवर घेतला आणि त्यात तो तुकडा ठेवला. थेंब गोठला. मग ती काच उलटी करून खळगा असलेल्या जाड काचेवर बसवली. थेंब लोंबकळत राहिला, कडा बंद केल्या, आणि हॅरिसन बघत बसला. पेशीतून धागा बाहेर येताना दिसला. त्याचं टोक चाचपडत पुढे सरकत होतं. वाद तिथेच मिटायला लागला. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून तिचं काम बघण्याची पद्धत ज्या प्रयोगांपासून सुरू झाली असं मानतात, त्यांतला हा मुख्य. हॅरिसनला नोबेल कधीच मिळालं नाही, जाता जाता सांगते.

हॅरिसनचा प्रयोग दाखवून गेला की न्यूरॉन काचेवर जगू शकतो. पण लॅबला जगण्याइतकीच आणखी एक गोष्ट लागते: पेशींची संख्या वाढली पाहिजे. पूर्ण तयार झालेला न्यूरॉन विभागत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेळी नवा उंदीर, नवं भ्रूण. माणसाचे न्यूरॉन तर आणायचे कुठून? चालत्या-बोलत्या माणसाच्या मेंदूचा तुकडा मागता येत नाही. मृत्यूनंतर मिळणाऱ्या मेंदूत आजाराचा शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात.

मग न थकता विभागणारी पेशी कोणती? कॅन्सरची. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्सच्या ट्यूमरमधून हेला पेशी आल्या, ती गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मेंदूच्या अभ्यासातही तेच झालं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये न्यूरोब्लास्टोमा झालेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या बोन मॅरोतून नमुना घेतला गेला. कॅन्सर तिथपर्यंत पसरला होता. जून बीडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून एक सेल लाइन तयार केली, आणि तिच्यातून पुढे निवडत निवडत एसएच-एसवाय५वाय.

न्यूरोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर नव्हे. मेंदू आणि मणक्याच्या बाहेर, हृदयाचे ठोके आणि घाम वगैरे सांभाळणाऱ्या नसांचं जे जाळं असतं, त्याच्या अर्धवट वाढलेल्या पेशींचा तो कॅन्सर. या पेशींमध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं आहेत. मात्र डोपामाइनच्या कुटुंबातली रसायनं बनवणारी यंत्रणा त्यांच्यात थोडीफार आहे. रेटिनोइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, घातलं की त्यांना लांब फांद्या फुटतात आणि त्या न्यूरॉनसारख्या दिसायला लागतात. शिवाय वाढतात भराभर, फ्रीझरमध्ये टिकतात, पार्सलने पाठवता येतात. म्हणून पार्किन्सन्सच्या, अल्झायमर्सच्या हजारो पेपरांमध्ये त्या सापडतात.

मी हे आजीला सांगितलं. आजीने औषधाबद्दल काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "त्या पोरीचं नाव काय गं?" नाव पेपरमध्ये नाही, फक्त वय आणि आजार आहे. त्या काळात असा नमुना ठेवून घेताना आजच्यासारखं संमतीपत्र घेण्याची पद्धतही रूढ नव्हती.

या पेशी वापरणारे लोक मूर्ख होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. एखादं रसायन पेशीच्या आत कुठे जातं, कुठलं प्रोटीन कुठे चिकटतं, अशा प्रश्नांना या पेशींनी खरी उत्तरं दिलीत. गडबड होते ती बातमीत, जेव्हा "न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी वाचल्या" याचं "पार्किन्सन्सवर औषध सापडलं" होतं.

याहून मोठी गंमत मेंदूच्या खऱ्या कॅन्सरच्या बाबतीत झाली. स्वीडनमधल्या उप्साला इथे १९६० च्या दशकात ग्लिओब्लास्टोमा झालेल्या एका बाईंच्या ट्यूमरमधून यू८७ नावाची सेल लाइन तयार झाली. जगभर पसरली. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, बेंग्ट वेस्टरमार्क यांच्या उप्सालाच्याच टीमने जपून ठेवलेल्या मूळ ट्यूमरच्या कापांमधला डीएनए आणि जगभर विकत मिळणाऱ्या यू८७ चा डीएनए ताडून पाहिला. जुळला नाही! जग ज्या पेशी वापरत होतं त्या बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी ग्लिओब्लास्टोमाच्या आहेत. कुठेतरी, कधीतरी, बाटल्यांची अदलाबदल झाली. निदान आजार तरी तोच निघाला, एवढंच समाधान. आमच्याकडे चुकीच्या ब्रँचवर दोन दिवस काम झालं तरी लोक डोक्याला हात लावतात.

तर विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत परिस्थिती ही अशी. लॅबमध्ये काय असायचं? जे वाढतं ते. कुणाचं आहे, कुठल्या आजाराचं आहे, हा नंतरचा प्रश्न.

आता जपानमध्ये, क्योटोला जाऊ. शिन्या यामानाका मूळचे हाडांचे डॉक्टर. सर्जरीत हात इतका मंद की सीनियर डॉक्टर त्यांना "जामानाका" म्हणून चिडवायचे; जपानीत "जामा" म्हणजे अडथळा. ते संशोधनात आले आणि एक विचित्र प्रश्न घेऊन बसले: त्वचेच्या पूर्ण वाढलेल्या पेशीला परत मूलपेशी करता येईल का? मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकेल अशी अगदी सुरुवातीची पेशी. यामानाकांच्या टीमकडे २४ जनुकांची यादी होती, यातली कुठली तरी हे काम करत असणार अशी. एकेक घालून पाहिलं. काही झालं नाही.

मग काझुतोशी ताकाहाशी या तरुण सहकाऱ्याने सगळी २४ एकदम घालून पाहिली. आणि काही पेशी खरंच मागे गेल्या. आता २४ मधली नेमकी कुठली? ताकाहाशीने एका वेळी एकच जनुक वगळायचं आणि उरलेली २३ घालायची, असं सुरू केलं. जे वगळल्यावर काम अडतं ते महत्त्वाचं. मित्रांनो, हे तर आपण रोज करतो! एकेक ओळ कॉमेंट करून बग शोधतो, तेच. शेवटी उरली चार जनुकं. उंदराच्या पेशींवर २००६ मध्ये, माणसाच्या पेशींवर २००७ मध्ये. त्या नोव्हेंबरात यामानाकांची टीम आणि अमेरिकेत जेम्स थॉमसन यांची टीम, दोघांचे पेपर एकाच दिवशी आले. २०१२ मध्ये यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

मेंदूवर काम करणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय झाला बघा. पेशंटच्या त्वचेचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्याला मूलपेशी करायचं, आणि मग योग्य रसायनं देत देत न्यूरॉन करायचं. जनुकं त्याच माणसाची. मेंदूला हात न लावता त्या माणसाचे न्यूरॉन डिशमध्ये हजर. २००८ मध्येच हार्वर्डच्या केव्हिन एगन यांच्या टीमने एएलएस झालेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन बनवून दाखवले. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या अशा एका पेशंटच्या पेशी घेतल्या, ज्याच्या कुटुंबात अल्फा-सिन्युक्लिन या प्रोटीनच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती आहेत. आजार नसलेल्या जवळच्या नातेवाइकाच्या पेशीही घेतल्या. दोघांचे न्यूरॉन बनवून तुलना केली तर पेशंटच्या न्यूरॉनमध्ये ते प्रोटीन दुप्पट. आबांच्या मेंदूत जो गाळ साठत गेला त्यात मुख्य हेच प्रोटीन असतं. आता तो गाळ साठायच्या आधीची पायरी बघता येत होती.

पण न्यूरॉन सपाट डिशमध्ये पसरलेले. मेंदू काही सपाट नसतो.

इथे मॅडलिन लँकेस्टर येतात. २०१० च्या सुमाराला त्या व्हिएन्नात युर्गन क्नोब्लिख यांच्या लॅबमध्ये होत्या. त्यांना मज्जापेशी डिशच्या तळाला चिकटवून वाढवायच्या होत्या. पेशी चिकटल्याच नाहीत. सुटल्या, एकमेकींना धरून गोळे झाल्या आणि तरंगत राहिल्या. एरवी असा फसलेला प्रयोग सिंकमध्ये जातो. लँकेस्टर यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर एका गोळ्यावर काळसर ठिपका होता: तयार होऊ पाहणाऱ्या डोळ्यातलं रंगद्रव्य. म्हणजे पेशी कुणी न सांगता आपापली जागा ठरवत होत्या. जपानमध्ये योशिकी सासाई यांनी मूलपेशी अशा स्वतःहून रचना करतात हे आधी दाखवलं होतं. लँकेस्टर यांनी ते गोळे जेलच्या थेंबात ठेवले आणि हळूहळू ढवळत राहणाऱ्या भांड्यात सोडले, म्हणजे आतपर्यंत पोषण जाईल. २०१३ मध्ये पेपर आला. गोळे फार तर ४ मिलिमीटरचे, वाटाण्यापेक्षा लहान. बातम्यांनी त्यांना "मिनी मेंदू" म्हटलं. संशोधक ऑर्गनॉइड म्हणतात, आणि मला तेच बरं वाटतं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे मोठे झाले की आतला भाग उपाशी मरतो. साधारण पहिल्या काही महिन्यांच्या गर्भाच्या मेंदूतले भाग त्यात दिसतात, तेही कुठेही कसेही लागलेले. विचार वगैरे दूरची गोष्ट.

तरीही त्याच पेपरमध्ये एक खरा पेशंट होता. जन्मतःच डोकं लहान असण्याचा आजार, मायक्रोसेफली. हाच दोष उंदरात घडवला तर उंदराचा मेंदू माणसाइतका लहान होत नाही, त्यामुळे उंदीर फारसं सांगू शकत नव्हता. या पेशंटच्या त्वचेपासून बनवलेला ऑर्गनॉइड मात्र लहानच राहिला, आणि का ते दिसलं. सुरुवातीला मूलपेशींनी स्वतःची संख्या वाढवत राहायचं असतं. या पेशंटच्या मूलपेशी लवकरच न्यूरॉन होऊन बसत होत्या. पेरायचं बियाणंच दळून खाल्लं, मग पीक येणार कुठून?

तीन वर्षांनी हे ज्ञान अचानक उपयोगी पडलं. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येने जन्माला यायला लागली. संशय झिका विषाणूवर. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. पुरावा हवा होता, तोही लगेच. गरोदर बायांवर प्रयोग करता येत नाही, हे उघड आहे. काही आठवड्यांत अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की झिका माणसाच्या मज्जा-मूलपेशींमध्ये शिरतो आणि त्यांना मारतो. एप्रिलमध्ये ब्राझीलच्याच टीमचा पेपर आला: झिका दिलेल्या ऑर्गनॉइडची वाढ ११ दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. पुन्हा तेच बियाणं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग सांगते. जॉन्स हॉपकिन्समध्ये ऑर्गनॉइड ढवळायचं स्वस्त, छोटं यंत्र ज्यांनी थ्रीडी प्रिंटरवर डिझाइन केलं, त्यांत सुट्टीत इंटर्नशिपला आलेली शाळेची मुलं होती. ते यंत्र झिकाच्या कामात वापरलं गेलं.

आता जिथे ही गोष्ट उपचाराच्या सगळ्यात जवळ गेली, ते उदाहरण. टिमथी सिंड्रोम. अत्यंत दुर्मीळ. एका जनुकात एका अक्षराची चूक, आणि त्यामुळे पेशीतलं कॅल्शियमचं दार नीट बंद होत नाही. हृदयाची लय बिघडते, ऑटिझम असतो, फिट्स येतात. पुष्कळ मुलं लहानपणीच जातात. रुमानियातून स्टॅनफर्डला आलेले सर्जिउ पाश्का २००९ च्या आसपासपासून या मुलांच्या पेशींवर काम करतायत. २०११ मध्ये त्यांनी मुलांच्या त्वचेपासून न्यूरॉन बनवून कॅल्शियमचा बिघाड दाखवला. २०१७ मध्ये मेंदूच्या दोन वेगवेगळ्या भागांचे ऑर्गनॉइड शेजारी ठेवून चिकटू दिले. एका भागातले न्यूरॉन दुसऱ्यात प्रवास करतात, तसे ते इथेही निघाले. टिमथीच्या पेशी उड्या मारायच्या जास्त वेळा, पण प्रत्येक उडी तोकडी, म्हणून मागे पडायच्या. २०२२ मध्ये ऑर्गनॉइड उंदराच्या नवजात पिल्लाच्या मेंदूत लावला. रक्तपुरवठा मिळाल्यावर न्यूरॉन डिशमधल्यापेक्षा कितीतरी मोठे झाले, आणि पिल्लाच्या मिशीला स्पर्श केला की माणसाचे न्यूरॉन प्रतिसाद द्यायला लागले. हे वाचताना मला जरा कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू.

पेशी ते जनुक वाचताना एका तुकड्याच्या दोन पर्यायांपैकी एक निवडते, आणि चूक त्यातल्या एकाच पर्यायात आहे. मग पेशीला दुसरा पर्याय घ्यायला लावलं तर? २०२४ मध्ये पाश्कांच्या टीमने तसं करणारा जनुकीय रेणू तयार केला. तो डिशमध्ये चालला, आणि उंदरात लावलेल्या मुलांच्या पेशींमध्येही एका इंजेक्शनने न्यूरॉनचा आकार आणि कॅल्शियम सुधारलं. तपासलेल्या पेशी त्याच आजाराच्या मुलांच्या होत्या.

आपल्याकडेही काम चाललंय. बंगळुरूमध्ये निमहान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्था मिळून अशा कुटुंबांचा अभ्यास करतायत, ज्यांत एकाहून जास्त जणांना गंभीर मानसिक आजार आहे. त्यांच्या रक्तातल्या पेशींपासून मूलपेशी बनतात. आजारी भाऊ आणि बरा भाऊ, दोघांच्याही. हे का हवं? कारण "ज्याचा आजार त्याच्या पेशी" म्हणायचं आणि सगळ्या पेशी दुसऱ्या खंडातल्या, हे बरोबर नाही.

मग आबांच्या आजाराचं काय? तिथे एक गाठ अजून घट्ट आहे. यामानाकांच्या पद्धतीत पेशी मूलपेशी होताना तिचं वयसुद्धा पुसलं जातं. ७५ वर्षांच्या माणसाच्या त्वचेतून बनवलेला न्यूरॉन गर्भातल्या बाळाच्या न्यूरॉनइतका कोवळा असतो. बाळांचे आजार त्यात दिसतात. टिमथी आणि मायक्रोसेफलीत यश मिळालं त्याचं हेही एक कारण. पार्किन्सन्स म्हातारपणी येतो. म्हणून काही जण त्वचेच्या पेशीला मूलपेशी न करता थेट न्यूरॉन करतात, त्यात वयाच्या खुणा बऱ्याच टिकतात. आणि २०१३ मध्ये लोरेन्झ श्टुडर यांच्या टीमने पार्किन्सन्सच्या पेशंटच्या न्यूरॉनमध्ये प्रोजेरिन घातलं. ज्या आजारात लहान मुलं अकाली म्हातारी होतात, त्यातलं हे प्रोटीन. कोवळे न्यूरॉन म्हातारे दिसायला लागले, आणि तोवर न दिसलेल्या आजाराच्या खुणा वर आल्या. हे काम झालं स्लोन केटरिंगमध्ये. हो, तेच, १९७० मध्ये त्या मुलीच्या पेशी जिथे पहिल्यांदा वाढल्या ते.

परवा बाबांची पुन्हा एक लिंक आली. मी पेपर उघडला, पद्धतीच्या भागापर्यंत गेले आणि त्यांना लिहिलं, "बाबा, हे त्या मुलीच्याच पेशींवर केलंय." त्यांनी अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी विचारलं, "आबांच्या वयाच्या पेशींवर कधी करणार?"

पुढच्या एपिसोडमध्ये अल्झायमर्सची डिश, तोवर प्रश्न पाठवत राहा.